पेनिसिलिनचं कारंजं

सिरिंज भरली की ती खिडकीकडे वळायची. हात उंच करायची, काचेला नखाने हलकेच टिचक्या मारायची आणि आतला बुडबुडा वर येईपर्यंत थांबायची. मग अंगठा दाबायची. सुईच्या टोकातून एक बारीक कारंजं उडायचं, उन्हात क्षणभर चमकायचं आणि हवेत विरून जायचं. "आधी देवाला, मग माणसाला," असं म्हणून मगच ती पेशंटकडे वळायची.

तुमच्यापैकी जे माझ्या हाताखाली शिकले त्यांना हे पाठ असेल. इस्पितळातले जंतू औषधाला का जुमानत नाहीत, हे शिकवायला मी दरवर्षी याच गोष्टीने सुरुवात करायचो. खडू सिरिंजसारखा धरायचो, वर्गाच्या खिडकीकडे वळायचो, तिचा आवाज काढायचो. वर्ग हसायचा. मग मी सांगायचो, की त्या भाबड्या नर्सने देवाला वाहिलेलं पेनिसिलिन वॉर्डच्या हवेत पसरलं, सगळ्यांच्या नाकात गेलं. तिथले साधे जंतू मेले आणि न मरणारे तेवढे उरले. तेच पुढे आमच्या हातांवरून, श्वासांवरून पेशंटांच्या जखमांत गेले. विज्ञान बरोबर होतं. नक्कल तर हुबेहूब होती. गोष्ट मात्र खोटी होती.

परवा जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात माझ्याच एका विद्यार्थ्याने, तोही आता निवृत्त झाला आहे, ती गोष्ट व्यासपीठावरून सांगितली. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. सगळे हसले. सवयीने मीही हसलो. घरी येताना गाडीत मनात आलं, की मी गेल्यावरही ती अशीच लोकांपुढे उभी राहणार, हात वर करून, हसण्यासाठी. म्हणून आज लिहायला बसलो आहे. तुम्ही तिला माझ्या नकलेत पाहिलंय. आता जरा माझ्या शेजारी उभं राहून पाहा.

ते इस्पितळ कलकत्त्यात, गार्डन रीचच्या बाजूला, गंगेच्या अगदी काठावर होतं. पुस्तकात त्या नदीला हुगळी म्हणतात. तिथे वाढलेल्या माणसाच्या तोंडात गंगाच येतं. माझे वडील केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात बदली होऊन कलकत्त्याला आले आणि तिथलेच झाले. मी डॉक्टर झालो तोही तिथेच. पन्नासचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमचा जंतुशास्त्र विभाग तळमजल्यावर होता आणि त्याच्या बरोबर वर बायकामुलांचा शस्त्रक्रियेचा वॉर्ड.

तो वॉर्ड मला अजून स्वप्नात दिसतो. उंच छत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, आणि दुपारी नदीवरून परतलेलं ऊन छतावर हलत असायचं. एखादं जहाज गेलं की छतावरचा तो उजेड जोराने हेलकावायचा, आणि खाटांवर निजलेल्या बायका डोळे उघडून वर पाहायच्या. बाहेर भोंगा वाजायचा तो मागून. पाण्याच्या तळाशी झोपावं तसं वाटायचं तिथे.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो जखमेतला पू तपासणीला घ्यायला. दाराशी पाणी भरलेली बादली होती. माझी नडगी तिच्यावर आपटली आणि तोंडातून "अगं आई गं" निघून गेलं. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला, "लागलं का हो फार?"

कलकत्त्यात घराबाहेर मराठी ऐकायची सवय नव्हती. मी चमकून पाहिलं. एक उंच, सावळी, रुंद खांद्यांची सिस्टर औषधांची गाडी ढकलत येत होती. पस्तिशी उलटलेली. ती माझ्याकडे न बघता बादलीकडे बघत होती. "बादली ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही कुठले?"

"इथलाच."

"इथला माणूस 'अगं आई गं' कशाला म्हणेल? 'ओ मा' म्हणेल." मग पदराने हसू झाकल्यासारखं करून म्हणाली, "मी नागपूरची. चार लोकांत तुम्हाला डॉक्टर म्हणीन. कुणी नसलं की भाऊ. चालेल?"

चालेल का असं तिने विचारलं खरं, पण तिच्या विचारण्यात उत्तराला फारशी जागा नसायची.

तिचं बंगाली हा सगळ्या इस्पितळाचा विरंगुळा होता. अर्धे शब्द बंगाली, बाकी सगळं नागपूरचं. "ओ मासी, जल कुठे ठेवला गो?" असं ती वॉर्डच्या आयेला विचारायची, आणि ती म्हातारी मासी तितक्याच गंभीरपणे "ठेवला गो बाई, ठेवला" म्हणायची. पेशंट बायका तिला दिदिमणि म्हणायच्या आणि तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायच्या. तिला ते माहीत होतं. एकीला तिने पकडलं आणि खाटेशी उभं राहून सांगितलं, "आवाज अजून जाड काढ. मी काय अशी मांजरासारखी बोलते का?" टाके दुखेपर्यंत ती बाई हसली.

चहाच्या वेळी ती मला मुरमुरे द्यायची. तिखट-मीठ आणि शेंगदाणे घालून. "हे लोक मोहरीच्या तेलात कालवतात, बाप्पा," ती म्हणायची. "नाकातून धूर निघतो." पुढे पुढे तीही मोहरीचं तेल घालायला लागली. मी बोट दाखवलं तर म्हणाली, "नाकाला सवय झाली."

हे वाक्य पुढे मला कितीदा आठवलं, ते सांगत नाही.

आता नीट पाहा. तेव्हा ती कारंजं उडवत नव्हती.

पेनिसिलिन नवलाईचं होतं. पांढरी भुकटी छोट्या बाटलीत यायची, त्यात पाणी घालून हलवायची आणि दिवसातून कितीतरी वेळा टोचायची. ती बाटली सिस्टर दोन्ही तळव्यांत धरून अशी फिरवायची, की जणू आत कुणी झोपलं आहे. सुईच्या टोकाला कापसाचा बोळा लावून बुडबुडा त्यात दाबून काढायची. बोळा झाकणाच्या डब्यात. नव्या नर्सेसना ती एकच वाक्य बजावायची, "थेंब बाहेर दिसता कामा नये." हे तिचं खरं वाक्य. माझ्या वर्गात ते कधी कुणी ऐकलं नाही.

त्या हिवाळ्यात एक मुलगी आली. सहा-सात वर्षांची असेल. पायाचं हाड सडत होतं. तिला सगळे खुकी म्हणायचे, म्हणजे नुसतं मुलगी. दर थोड्या तासांनी सुई. पहिले काही दिवस ती रडली. मग रडणं सोडून तिने अंग ताठ करायला सुरुवात केली. गाडीची चाकं वाजली की ती लाकडासारखी व्हायची, दात आवळायची, आणि तिला बघून शेजारच्या खाटांवरची पोरंही ताठ व्हायची. तो वॉर्ड चाकांच्या आवाजाला भ्यायला लागला.

एका दुपारी वॉर्डचा डॉक्टर शस्त्रक्रियेत अडकला होता आणि सिस्टर दुसऱ्या पेशंटजवळ होती. मी नमुना घ्यायला वर आलो होतो. तिने भरलेली सिरिंज माझ्या हातात दिली. "खुकीला द्या जरा. बोळा लावा."

खुकीने माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि मुलांनी माझ्याकडे बघून डोळे मिटावेत हे मला सहन होत नव्हतं. "खुकी, देख," मी म्हणालो. झडपेतून उन्हाची एक पट्टी खाटेवर पडली होती. मी सिरिंज त्या पट्टीत धरली आणि अंगठा दाबला. जरा जास्तच दाबला. कारंजं वर गेलं, उन्हात फुटलं, आणि त्यात एका क्षणापुरते सगळे रंग दिसले.

तिने डोळे उघडले होते. ती हसली. त्या हसण्यात तिचं अंग सैल झालं आणि सुई आत जाऊन बाहेर आली, तिला कळलंही नाही.

"सांडलंत," सिस्टर मागून म्हणाली.

"पण रडली नाही."

"सांडलंत," ती पुन्हा म्हणाली आणि हातातली सिरिंज काढून घेतली.

पुढच्या वेळी खुकीने बोळा पाहिला आणि मान हलवली. "फोआरा कोरो," म्हणाली. कारंजं कर. सिस्टरने नाही म्हटलं. खुकी ताठ झाली, आणि सुई तिच्या मांडीत वाकली. सुई काढताना काय झालं ते मी खालच्या मजल्यावर ऐकलं. वर गेलो तर सिस्टर खुकीचा पाय मांडीवर घेऊन बसली होती, सुईची जागा बोळ्याने दाबून. 

त्याच्या पुढच्या वेळी ती खिडकीकडे वळली. हात वर केला. कारंजं उडालं. आणि मग, सांडल्याचा बोल मनाला लागू नये म्हणून असेल, हळूच म्हणाली, "आधी देवाला, मग माणसाला."

कारंजं माझं होतं. देव तिचा.

खुकीला मिळालं म्हणजे शेजारच्या पोरांना हवं. पोरांना मिळालं म्हणजे बायकाही खिडकीकडे बघू लागल्या. नव्या नर्सेसनी सिस्टरची लकब उचलली, मनगटाची ती संथ कमान, ते थांबणं. एकीने तर बंगालीत म्हणायला सुरुवात केली, "आगे ठाकुर." आधी देव. मी कामाशिवायही दुपारचा वर जाऊन दारात उभा राहायचो. ओळीने खाटा, प्रत्येक खाटेशी एक पांढरी आकृती, आणि उन्हाच्या पट्ट्यांतून इथे एक, तिथे एक, अशी कारंजी उठायची आणि विरायची.  हवेला एक बारीकशी कुबट, गोडसर चव यायची. छतावर नदी हलत असायची. मला वाटायचं, एवढं सुंदर आपण काही केलं नाही आणि पुन्हा करणार नाही. त्यातलं दुसरं खरं ठरलं.

खुकी चालत घरी गेली. तिच्या वडिलांनी तिला उचलायला हात पुढे केले, तिने ते ढकलले आणि लंगडत जिना उतरली. सिस्टर जिन्याच्या वर उभी होती. "मागे बघू नको गो," ती खाली ओरडली, "पडशील." खुकीने मागे बघितलं. पडली नाही. त्या दिवशी माझ्या मुरमुऱ्यांत शेंगदाणे जास्त होते.

यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. जखमा चिघळू लागल्या. आधी एखादी, मग एकीमागून एक. साध्या, स्वच्छ शस्त्रक्रिया आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाक्यांतून पू. पू खाली माझ्याकडे यायचा. काचेच्या बशीत मी ते जंतू वाढवायचो. सोन्यासारखे पिवळे ठिपके उठायचे. मध्ये पेनिसिलिन लावलेली कागदाची टिकली ठेवली की तिच्याभोवती स्वच्छ रिंगण पडायला हवं. ते पडेनासं झालं. पिवळे ठिपके टिकलीला खेटून वाढले, जणू ती तिथे नव्हतीच.

तेव्हा एक नवी सून आली होती. अठराएक वर्षांची. नवरा जहाजांच्या कारखान्यात कामाला. आंत्रपुच्छ काढलं, फार अवघड काही नव्हतं. चौथ्या दिवशी ताप चढला. सिस्टर रोज तिची वेणी घालायची, कारण तिला स्वतःला हात वर उचलवत नव्हते. "एवढे केस घेऊन कशाला आली गो इथे," म्हणायची, "माझा सगळा दिवस जातो." मुलगी लाजून हसायची. डॉक्टरांनी पेनिसिलिनची मात्रा वाढवली. मग अजून वाढवली. मात्रा वाढली तशी कारंजीही वाढली. दर वेळी सिस्टर खिडकीकडे वळायची, आणि आता ते वाक्य ती सवयीने म्हणत नव्हती, खरोखर म्हणत होती.

एका सकाळी मी बशीतलं उत्तर घेऊन वर गेलो. खाटेवर चादर ओढलेली होती. नवरा व्हरांड्यात कठड्याला धरून उभा होता, नदीकडे तोंड करून. सिस्टर वेणी सोडवत होती. घाई नव्हती तिला. एकेक पेड सोडवत होती. "सांगा," ती म्हणाली. मी म्हणालो, "औषध लागू पडत नाहीये." ती म्हणाली, "ते कळलं मला."

आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, मितभाषी बंगाली गृहस्थ होते. त्यांनी वॉर्ड बंद करायला सांगितलं नाही, आरडाओरडा केला नाही. ते दुपारी वर जाऊन एका स्टुलावर बसून राहिले. खाली आल्यावर म्हणाले, "काचेच्या बशा लाव. साध्या जंतूंच्या, पेनिसिलिनने मरणाऱ्या. खिडक्यांत ठेव, खाटांजवळ ठेव, उघड्या."

दुसऱ्या दिवशी त्या बशा आम्ही उजेडात धरल्या. जंतूंची सलग साय धरली होती, आणि तिच्यात जागोजागी स्वच्छ गोल खळगे पडले होते, देवीच्या व्रणांसारखे. जिथे जिथे हवेतला तुषार उतरला होता तिथे तिथे. सरांनी एक बशी माझ्यापुढे सरकवली. "हा बघ तुमच्या सिस्टरचा ठाकुर," ते म्हणाले. "नैवेद्य इथे पडतो."

मग आम्ही सगळ्यांच्या नाकांतून कापसाची काडी फिरवली. सिस्टर, नर्सेस, मासी, वॉर्डचा डॉक्टर, मी. सिस्टरच्या बशीत ते सोनेरी ठिपके दाट होते. माझ्याही होते. आणखीही बऱ्याच जणांच्या होते. सरांनी भेदभाव केला नाही. ज्यांच्या नाकात जंतू, त्यांनी नाकात मलम घालायचं आणि साफ होईपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. सुईला पुन्हा बोळा. पेनिसिलिन गरजेपुरतंच. पू असलेला पेशंट वेगळ्या खोलीत. प्रत्येक पेशंटआधी आणि नंतर हात धुवायचे. माझ्यावरची वॉर्डबंदी कुणाच्या लक्षातही आली नाही, कारण मी एरवीही खालीच असायचो. सिस्टर कुठे होती ते मात्र सगळ्यांना दिसत होतं.

अधीक्षकांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीतूनही नदी दिसायची. त्यांनी बशा पाहिल्या आणि विचारलं, "हे हवेत उडवणं कुणी सुरू केलं?"

सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिलं. तिने कुणाकडेच पाहिलं नाही. "मी," ती म्हणाली.

बाहेरून तागाच्या गासड्यांनी लादलेली एक नाव चालली होती. एवढी भरलेली, की पाणी काठाला लागलं होतं. ती खिडकीच्या एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत राहिलो.

सिस्टरला कपड्यांकडे नेमलं. इस्पितळाच्या मागे, नदीकडच्या उतारावर धुलाईची शेड होती आणि पुढे चादरी वाळत घालायच्या दोऱ्या. मी तिला भेटायला गेलो ती स्वच्छ उन्हाची सकाळ होती. पांढऱ्या चादरींच्या रांगा वाऱ्यावर फुगत होत्या आणि त्यांच्यामधून मागची जहाजं हळूहळू सरकताना दिसत होती. तिची सावली एका चादरीवर होती, ती कुठे होती ते दिसत नव्हतं.

"सिस्टर," मी त्या सावलीला म्हणालो, "ते माझं होतं. तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काहून नाही सांगितलं?" चादरीपलीकडून आवाज आला.

 मग ती चादर बाजूला सारून बाहेर आली. नाकाला मलम चकाकत होतं, त्यामुळे ती जरा विदूषकासारखी दिसत होती. तिलाही ते माहीत असावं.

"भाऊ, तुम्ही एकदा केलं. पोरगी हसावी म्हणून केलं," ती म्हणाली. "मी त्याला देवाचं नाव लावलं. देवाचं नाव लावल्यावर कोण थांबवणार? तो गुन्हा माझाच आहे. तुमचा काय असेल तो तुमचा तुम्ही बघा."

"मी सांगतो साहेबांना."

"ते नका सांगू. एवढंच करा, माझं नाक साफ झालं की मला वर पाठवा म्हणून सांगा. तुमचं ऐकतात ते." चादरीची सुरकुती हाताने सपाट करत ती म्हणाली, "इथे मन नाही लागत. चादरी बोलत नाहीत."

चादरी बोलत नसल्या तरी तिने त्यांना शिस्त लावली. वॉर्डात चादरी झटकायच्या नाहीत, हे तिने आणलं. झटकली की जखमेची धूळ शेजारच्या खाटेवर जाते, हे तिला सरांनी समजावलं होतं, आणि तिने ते धोब्यांना, आयांना, झाडूवाल्यांना तिच्या त्या बंगालीत समजावलं. चादर कशी गोळा करायची, तेही दाखवलं. चारी कोपरे आत, हळू, झोपलेलं मूल उचलावं तसं. मासी म्हणाली, "एवढं जपून तर मी माझ्या नातवालाही उचलत नाही." सिस्टर म्हणाली, "म्हणूनच तो रडतो."

आणि रोज दुपारी ती वॉर्डच्या दाराशी येऊन उभी राहायची. उंबरा ओलांडायची नाही. हात पाठीमागे बांधलेले, पदर नाकावर. आत नळ बसवला होता, तिथे नर्सेस हात धुवायच्या. ती बाहेरून बघत राहायची. बोटं, बोटांच्या फटी, तळवे, मनगटं. आणि मग शांतपणे म्हणायची, "अंगठा राहिला."

खरंच राहायचा. बहुतेक माणसं हात धुताना अंगठा विसरतात. तुम्ही आज घरी बघा. एखादी नवी नर्स चिडायची, ही कोण कपड्यांची बाई, म्हणायची. तरी अंगठा धुवायची. काही महिन्यांनी जखमा पुन्हा कोरड्या भरू लागल्या. माझ्या बशीत टिकलीभोवती रिंगण दिसू लागलं, आधी अरुंद, मग रुंद. ती बशी मी तिला दाराशी नेऊन दाखवली. तिने उन्हात धरून पाहिली. "चंद्राला खळं पडतं तसं," म्हणाली.

तिचं नाक साफ झालं. तिची बशी मीच पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली. मी अधीक्षकांकडे गेलो आणि म्हणालो, सिस्टरला वॉर्डात परत घ्यावं.

ते वाईट गृहस्थ नव्हते. "आता वॉर्ड शांत आहे," ते म्हणाले. "पेशंटांच्या नातेवाइकांना तिचं नाव माहीत झालंय. कशाला?" मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "की तिने सुरू केलं नव्हतं? तसं काही असेल तर सांगा. वेगळा विचार करता येईल."

दार उघडं होतं. त्यांनी ते स्वतःच्या हाताने उघडलं होतं. पण त्यांच्याच शिफारशीवर मी विलायतेला पुढच्या शिक्षणाला जाणार होतो. जहाज ठरायचं होतं, घरी आईने गरम कपडे शिवायला टाकले होते.

"तिनेच," मी म्हणालो.

खाली उतारावर जाऊन मी सिस्टरला सांगितलं, "साहेब नाही म्हणाले."

ती उशांचे अभ्रे मोजून ठेवत होती. "तुम्ही काय म्हणालात?"

मी एक अभ्रा उचलून घडी घालू लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. खुकी जिना उतरताना ती बघत होती तशी बघत होती, आता हा पडतो की काय अशी.

"बरं," ती म्हणाली. "चहा घेता? मुरमुरे आहेत."

मी घेतले. मोहरीचं तेल जास्त होतं, डोळ्यांत पाणी आलं. तिने ते तेलाचंच आहे असं धरलं.

मी विलायतेहून परत आलो तेव्हा ती नव्हती. दोऱ्यांवर चादरी होत्या, मागे जहाजं होती. मासीने सांगितलं, की दिदिमणि नागपूरच्या गाडीने गेली, देशाला. जायच्या दिवशी वर आली होती. सगळ्या म्हणाल्या, आज तरी आत ये. ती आत आली नाही. उंबऱ्याशी उभी राहून थोडा वेळ छताकडे बघत राहिली, मग नळाकडे बघितलं, कुणाला तरी नेहमीचं वाक्य म्हणाली आणि जिना उतरली.

मी तिचा शोध घेतला नाही. मुंबईला जाता-येता गाडी नागपूरला बराच वेळ थांबायची. मी खाली उतरायचो नाही. आणि मग शिकवायला लागलो, आणि एका वर्षी वर्ग पेंगत होता म्हणून खडू हातात धरून खिडकीकडे वळलो. वर्ग जागा झाला. त्यानंतर दरवर्षी वळत राहिलो. ज्या हाताने मी तिची नक्कल करायचो, कारंजं आधी त्याच हाताने उडवलं होतं, हे त्या वर्गांत एकदाही सांगितलं नाही. आता सांगितलं.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी अजून शिकवत असतील त्यांनी ती गोष्ट जरूर सांगावी, विज्ञान त्यात खरं आहे. पण कारंजं एका तरुण डॉक्टरचं होतं असं सांगा. नर्सचं म्हणून काही सांगायचं असेल तर तिचा उंबरा सांगा.

माझ्या घरच्या बेसिनवर सकाळी ऊन येतं. मी हात धुतो, सावकाश, कारण बोटं आता वळत नाहीत. फटी, तळवे, मनगटं. पाणी बंद करायला जातो आणि थांबतो. दारात कुणी नसतं. तरी मी नळ पुन्हा सोडतो, आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून बराच वेळ धूत राहतो.